ज्यांची तिथी ठाऊक नाही

पितृपक्ष लागला की नंदनवनातील आमच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेला एरवीपेक्षा अधिक मान मिळतो. कुणाची पंचमी, कुणाची अष्टमी, सवाष्ण गेलेल्या आत्याची अविधवा नवमी, असे दिवस वाटून घेतलेले असतात. शेवटी शेवटी चतुर्दशीच्या चौकोनात बारीक अक्षरांत 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे छापलेले दिसते आणि त्याला लागून 'सर्वपित्री दर्श अमावास्या'. मुले पहिल्या शब्दाचा अर्थ विचारतात, दुसऱ्याचा विचारीत नाहीत. वास्तविक दोन्ही दिवसांमागे पुष्कळ अंशी एकच अडचण आहे. माणूस आपल्या घरी, आपल्या माणसांच्या देखत गेला नाही, तर त्याला कोणत्या दिवशी आठवायचे?

आमच्याकडे अमावास्येचे एक पान आजोबांच्या धाकट्या भावाचे असते. ते रंगूनला नोकरीस होते. डिसेंबर १९४१ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडू लागले आणि लाखो भारतीय ब्रह्मदेश सोडून मणिपूर व आराकानच्या वाटांनी पायी निघाले. आजोबांचे बंधू त्यांतच असावेत. त्यांचे एक पत्र महालातल्या जुन्या घरी आले होते, त्यानंतर काही आले नाही. घरच्यांनी शास्त्राप्रमाणे बारा वर्षे वाट पाहिली, मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन केले. तिथी नव्हती म्हणून सर्वपित्री. आजही गच्चीवर कावळ्यासाठी घास ठेवताना त्यांचे नाव वेगळे घेतले जाते.

यंदा तो घास ठेवताना मनात आले, की ही अडचण एका घराची नसून एका सबंध समाजाची झाली तर काय होत असेल? ज्याची निम्मीअधिक माणसे चार-पाच वर्षांत नाहीशी झाली, आणि त्यांतील बहुतेकांची मृत्यूची जागाही माहीत नाही, दिवसही नाही, असा समाज आपली माणसे आठवतो तरी कसा?

असा समाज आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. यामागील राजकारणाविषयी मराठीत थोडेफार लिहिले गेले आहे. मागे राहिलेल्या नातलगांनी पुढे काय केले, याविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही. आणि त्या नातलगांपैकी काही जण आपल्या मुंबईत राहत होते.

आधी ज्यूंच्या तिथीविषयी. त्यांचे पंचांगही आपल्यासारखेच चांद्रमासांचे आहे. सौरवर्षाशी मेळ राहावा म्हणून त्यांच्याकडेही १९ वर्षांत ७ अधिक मास धरतात. फरक एवढाच, की आपला अधिक मास महिने बदलतो, त्यांचा नेहमी अदार महिन्यालाच जोडून येतो. माणूस ज्या तिथीला गेला, त्या तिथीला दरवर्षी स्मरण करायचे, आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताबरोबर लावलेला दिवा दुसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत तेवत ठेवायचा आणि 'कद्दिश' नावाची प्रार्थना म्हणायची, हा परिपाठ. ही प्रार्थना अरामी भाषेत असून तिच्यात मृत्यूचा उल्लेखच नाही, केवळ ईश्वराची स्तुती आहे. ती एकट्याने म्हणता येत नाही, परंपरेने दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. म्हणजे शोक घरातला असला तरी त्याला समाजाची हजेरी लागते.

अर्थात यासाठी तिथी ठाऊक असावी लागते. मालगाडीच्या डब्यातून पूर्वेकडे नेलेल्या आईची तिथी कोणती? ज्या गावातील सगळे ज्यू एका सकाळी खड्ड्याच्या काठावर उभे केले गेले, तेथे दिवस कुणी नोंदवायचा? काही कुटुंबांनी आपले माणूस गाडीत चढवले गेले तोच दिवस तिथी म्हणून धरला. काहींनी गावाचा नाश झाल्याची तारीख धरली. इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर लवकरच तेथील धर्मपीठाने तेवेत महिन्याचा दहावा दिवस, जो जेरुसलेमला पडलेल्या प्राचीन वेढ्याचा उपवासाचा दिवस होता, तो ज्यांचा मृत्युदिन अज्ञात आहे अशा सर्वांच्या कद्दिशसाठी मुक्रर केला. आपल्या सर्वपित्रीशी असलेले हे साम्य कुणी कुणाचे पाहून केलेले नाही. दोन्हीकडे मागे उरलेल्यांना तोच प्रश्न पडला आणि त्यांनी सारखेच उत्तर काढले.

मुंबईच्या बंदरात

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि लवकरच जर्मनीतील ज्यूंना नोकऱ्यांवरून काढण्यास आरंभ झाला. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाली. त्याच वर्षी ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर सिनेगॉगे जाळली गेली. बाहेर पडण्याची धडपड सुरू झाली तेव्हा जगातील बहुतेक दारे बंद होती. ब्रिटिश हिंदुस्थानचे दारही किलकिलेच होते, कारण येणाऱ्याचा भार सरकारवर पडणार नाही अशी हमी कुणीतरी द्यावी लागे. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने अशा हमीचे बरेच काम केले. नेहरू आश्रयार्थींना येऊ द्यावे या मताचे होते. त्यांनी तसा ठराव काँग्रेस कार्यकारिणीपुढे मांडला, पण अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंना तो पसंत नव्हता. त्याविषयीची खंत नेहरूंनी एप्रिल १९३९ मध्ये बोसांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट बोलून दाखविली आहे.

आलेल्यांत हिल्डे होल्गर होती. व्हिएन्नामध्ये १९०५ साली जन्मलेली ही नर्तकी गेरट्रूड बोडेनविझर यांची शिष्या. विशीतच तिने स्वतःची नृत्यशाळा काढली होती. जर्मन सैन्य व्हिएन्नात आल्यावर ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. १९३९ मध्ये ती मुंबईस पोहोचली, येथील पारशी डॉक्टर आदी बोमन बेहराम यांच्याशी तिचा विवाह झाला आणि युद्धाच्या धामधुमीतच तिने मुंबईत पुन्हा नृत्यशाळा सुरू केली. ती शिकवीत असे मध्य युरोपातील मुक्त नृत्य, आणि शिकण्यास येत मुंबईच्या नाना जातिधर्मांच्या मुली. भारतीय नृत्यातील हस्तमुद्रा ती येथेच शिकली आणि पुढे आयुष्यभर आपल्या रचनांत वापरीत राहिली.

तिची आई व्हिएन्नातच राहिली होती. तिच्यासह होल्गरचे अनेक आप्त नाझींच्या हातून मारले गेले. चौदा ही संख्या तिच्या चरित्रांतून सांगितली जाते. चौदा माणसे म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लग्नातील घरची पंगत.

मुंबईत बसलेल्या माणसाला हे केव्हा आणि कसे कळले असेल, याचा जरा विचार करावा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटन आणि जर्मनी यांच्यातील टपाल तुटले. इकडे सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन पासपोर्ट असलेल्यांना 'शत्रुदेशीय' ठरवून पकडण्यास आरंभ केला. त्या पासपोर्टांवर खुद्द जर्मन सरकारने ज्यू म्हणून मोठे 'जे' अक्षर उमटवले होते, तरीही त्यातून ज्यू सुटले नाहीत. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले. चौकशीनंतर बहुतेकांची सुटका झाली, काहींना पुढे पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीत दिवस काढावे लागले. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांचेच म्हणून पकडले जाणे, हा विनोद त्या वेळी कुणाला हसवणारा नव्हता. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेरील आपल्या ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले. मग हे लोक जर्मनही उरले नाहीत.

घरच्यांची खुशाली कळण्याचा एकच अधिकृत मार्ग राहिला होता, रेड क्रॉसचा छापील कागद. त्यावर २५ शब्दांपर्यंत मजकूर लिहिता येई, तोही फक्त कौटुंबिक. कागद जिनिव्हामार्गे जाई आणि महिन्यांनी त्याच्याच पाठीवर उत्तर येई. १९४१ च्या शरद ऋतूत व्हिएन्ना, प्राग, बर्लिन येथून ज्यूंच्या गाड्या पूर्वेकडे सुटू लागल्या, तशी ही उत्तरे आटत गेली. उत्तर न येणे हीच कित्येकांना मिळालेली एकमेव वार्ता होती. युद्ध संपल्यावर वाचलेल्यांच्या याद्या निघाल्या. आपल्या माणसाचे नाव तिथे नाही, एवढेच त्या याद्यांतून कळे. मेलेल्यांच्या याद्या त्या वेळी कुणाजवळ होत्या?

मशीद बंदर स्थानकाला ज्या 'जुन्या मशिदी'वरून नाव पडले, ते मांडवीतील १७९६ सालचे शार हाराहमीम सिनेगॉग मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचे. कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखले गेलेले हे लोक शतकानुशतके येथे कुणाचा जाच न होता राहिले. बर्लिन-व्हिएन्नाहून आलेले डॉक्टर, चित्रकार, वादक यांना त्यांची भाषाही कळत नसे नि चालीरीतीही. कद्दिशची अरामी मात्र दोघांची एकच होती.

आकाशवाणीची धून आणि तीन बहिणी

ज्यांचे बालपण रेडिओच्या काळात गेले, त्यांच्या कानांत आकाशवाणीची ती पहाटेची ओळखधून अजून असेल. शिवरंजनीची छाया असलेली ही धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. बोहेमियातील कार्ल्सबादमध्ये १९०७ साली जन्मलेले हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आले, मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि १९४६ मध्ये येथून गेले. ही माहिती अलीकडे बऱ्याच ठिकाणी येते. तिचा पुढचा धागा मात्र क्वचितच सांगितला जातो. कॉफमन यांचा पहिला विवाह गेर्टी हर्मान यांच्याशी झाला होता आणि गेर्टी ही फ्रान्झ काफ्काची भाची, त्याच्या एली या बहिणीची मुलगी.

काफ्का १९२४ मध्ये क्षयाने गेला. त्याला प्रागच्या ज्यू दफनभूमीत जागा मिळाली, दगड मिळाला, त्यावर तारीखही मिळाली. एली, वाली आणि ओट्ला या त्याच्या तिन्ही बहिणींना यांतले काहीच मिळाले नाही. एली व वाली यांना ऑक्टोबर १९४१ मध्ये प्रागहून वूच येथील बंदिस्त वस्तीत नेले. त्यानंतरचा त्यांचा माग पुसट आहे आणि नेमका मृत्युदिन कुणालाच ठाऊक नाही.

धाकटी ओट्ला काफ्काची सर्वांत लाडकी. तिचा पती ज्यू नव्हता आणि त्यामुळे तिला काही काळ संरक्षण होते, पण त्यांचा घटस्फोट झाला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये तिला टेरेझिनच्या छावणीत धाडले गेले. वर्षभराने, ऑगस्ट १९४३ मध्ये, पोलंडमधील बियालिस्टोकहून सुमारे बाराशे अनाथ मुले तेथे आणली गेली. त्यांना वेगळे ठेवून सांभाळण्यासाठी माणसे हवी होती. ओट्ला आपणहून गेली. ५ ऑक्टोबर १९४३ रोजी मुले आणि त्यांचे ५३ सांभाळकर्ते गाडीत बसविले गेले. ही गाडी ऑशवित्झला गेली. ७ ऑक्टोबरला तेथे पोहोचल्यावर सर्वांना वायुकोठडीत मारण्यात आले. तिघींत तिथी आहे ती फक्त ओट्लाला.

आज प्रागमध्ये काफ्काच्या थडग्याच्या पायथ्याशी तिघी बहिणींच्या नावाची एक पाटी आहे. त्यांचे देह तेथे नाहीत. भावाच्या दगडाचा आधार घेऊन नावे तेवढी विसावली आहेत. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, काफ्काने मिलेनाला लिहिलेली पत्रे १९५२ मध्ये ज्यांनी प्रसिद्ध केली, ते विली हासही युद्धकाळात मुंबईतच होते आणि मोहन भवनानींच्या चित्रपटसंस्थेसाठी पटकथा लिहीत होते.

सेवाग्रामहून गेलेला लेख

आता थोडे आपल्या शेजारी येऊ. नंदनवनातून सकाळी निघालेला माणूस उन्हे तापण्यापूर्वी सेवाग्रामला पोहोचतो. तेव्हा शेगाव म्हणत असलेल्या त्या गावात २० नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे जर्मनीतील त्या जाळपोळीला दोन आठवडेही झाले नसताना, गांधीजींनी ज्यूंविषयी एक लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये आला. ज्यूंवरील अत्याचाराला इतिहासात तोड नाही असे त्यांनी स्पष्ट म्हटले. पण उपाय सुचविला तो सत्याग्रहाचा. आपण जर्मनीत जन्मलेले ज्यू असतो तर तोच आपला देश मानून हद्दपारीला नकार दिला असता आणि त्यासाठी मरण पत्करले असते, असा त्यांचा आशय होता.

जेरुसलेमहून तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी २४ फेब्रुवारी १९३९ रोजी या लेखाला पत्राने उत्तर दिले. बूबर गांधींचे चाहते होते, म्हणूनच त्यांचे दुःख मोठे होते. त्यांचा एक मुद्दा असा : सत्याग्रहीचे बलिदान परिणामकारक होते ते त्याला कुणी साक्षी असतो म्हणून. जेथे माणूस कुणाच्या नजरेस न पडता नाहीसा केला जातो, तेथे त्याची साक्ष कोण देणार? पत्र गांधीजींच्या हाती पडले असे दिसत नाही, निदान त्याला उत्तर गेलेले नाही.

गांधीजींना हे सांगणारा माणूस त्यांच्याजवळही होता. दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मची जमीन ज्यांनी दिली, ते वास्तुविशारद हर्मन कालेनबाख १९३७ आणि १९३९ मध्ये आपल्या जुन्या मित्राकडे येऊन राहिले होते. अहिंसा बुद्धीला पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे जमत नाही, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी त्यांचे नाव न घेता फेब्रुवारी १९३९ च्या 'हरिजन'मध्ये ते नमूद केले आहे, आणि या रागाबद्दल आपण त्यांच्याशी भांडत नाही असेही लिहिले आहे. कालेनबाखांचे बालपण लिथुआनियाच्या टोकाला, रुस्ने गावात गेले. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य लिथुआनियात शिरले आणि त्या मुलखातील ज्यू वस्त्या काही आठवड्यांत संपल्या. २ ऑक्टोबर २०१५ रोजी रुस्नेत गांधी व कालेनबाख यांचा जोडपुतळा उभारला गेला. त्या गावात आज कालेनबाखांना ओळखणारे जुने ज्यू कुटुंब शोधू गेल्यास कुठून मिळणार?

गांधीजींचा सल्ला चुकला असे म्हणणे आज सोपे आहे. १९३८ मध्ये वायुकोठड्यांची कल्पना कुणालाच नव्हती, बूबरनाही नव्हती. मात्र साक्षीचा बूबर यांचा प्रश्न अचूक होता, आणि पुढील ऐंशी वर्षे वाचलेल्या नातलगांनी जे केले, ते याच प्रश्नाशी झगडणे होते.

साक्षीचे पान

जेरुसलेममध्ये १९५३ च्या कायद्याने 'याद वाशेम' ही संस्था स्थापन झाली. बायबलमधील यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतलेल्या या शब्दांचा अर्थ स्मारक आणि नाव. पन्नाशीच्या दशकापासून ही संस्था एक साधा छापील तक्ता भरून घेते. एका तक्त्यावर एकच माणूस. नाव, माहेरचे आडनाव, जन्माचे वर्ष व गाव, आईवडिलांची नावे, जोडीदाराचे नाव, व्यवसाय, युद्धापूर्वीचा पत्ता, युद्धकाळातील ठिकाण, मृत्यू कोठे व कसा झाला. ज्ञात असेल तर छायाचित्र. खाली भरणाऱ्याचे नाव, मृताशी नाते आणि सही. या तक्त्याचे नावच 'साक्षीचे पान'.

शासकीय कार्यालयात आपण भरतो त्याहून हा अर्ज वेगळा दिसत नाही, आणि त्याचे मोल त्या साधेपणातच आहे. शोकाला येथे जागा नाही, रकाने भरायचे आहेत. पण रकाने भरायला बसलेल्या माणसाला कळते, की आपल्या मावशीचे जन्मवर्ष आपल्याला ठाऊक नाही, आजोबा नेमके काय करीत हे कधी विचारलेच नाही, आणि सहा महिन्यांच्या भावाला घरात ज्या लाडक्या नावाने हाक मारीत त्यापलीकडे त्याचे खरे नाव आठवत नाही. कित्येक पानांवर असे अर्धे रकाने रिते आहेत. तशीच ती जपून ठेवलेली आहेत.

नोव्हेंबर २००४ पासून ही नोंद इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे. ही पाने आणि इतर कागदपत्रे मिळून आता सुमारे ५० लाख नावे निश्चित झाली आहेत. दहा लाखांच्या आसपास माणसे उरतात. सबंध घरच्या घर, गल्लीच्या गल्ली नाहीशी झाल्यावर पान भरणारे कुणी उरलेच नाही, अशांपैकी पुष्कळ यांत असणार.

जर्मनीत बाद आरोल्सेन या गावी युद्धोत्तर शोधकार्याचा प्रचंड संग्रह आहे. छावण्यांच्या नोंदवह्या, गाड्यांच्या याद्या, विस्थापितांची पत्रके मिळून सुमारे ३ कोटी कागदपत्रे. २००७ मध्ये हा संग्रह अभ्यासकांना खुला झाला. नातलगांच्या चौकशीला तेथून विनामूल्य उत्तर मिळते, आणि आता चौकशी करणारे बहुधा नातवंडे-पतवंडे असतात. मारणाऱ्यांनी कारभार चोख ठेवावा म्हणून केलेल्या याद्याच आज मेलेल्यांचा पत्ता देतात. सूड म्हणावा तर यापेक्षा शांत सूड नसेल.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींची कथा याहून चमत्कारिक. बोहेमिया व मोरावियातील सुमारे ७८ हजार मृतांची नावे १९५० च्या दशकात तेथील भिंतींवर हाताने रंगवून काढली गेली. गावांनुसार रचना, नावापुढे जन्मतारीख, आणि मृत्यूची तारीख ठाऊक नसल्यास ते माणूस जिवंत असल्याची शेवटची ज्ञात तारीख. पुढे भिंतींत ओल आली, १९६८ नंतर साम्यवादी राजवटीने इमारत बंद ठेवली आणि दुरुस्तीच्या नावाखाली नावे नाहीशी झाली. राजवट कोसळल्यावर १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी नावे पुन्हा, एकेक करून, रंगवली गेली.

हिल्डे होल्गरच्या व्हिएन्नामध्ये तर यासाठी बराच उशीर झाला. ऑस्ट्रिया स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवून घेत राहिली आणि आपल्या शेजाऱ्यांचा प्रश्न टाळत राहिली. ९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेथे नावांची भिंत उभी राहिली. ऑस्ट्रियातील ६४ हजारांहून अधिक ज्यू मृतांची नावे दगडी फलकांवर कोरलेली आहेत. होल्गर तोवर नव्हती. १९४८ मध्ये ती लंडनला गेली, ९५ वर्षांची होऊन २००१ मध्ये वारली, आणि अखेरपर्यंत शिकवीत होती. तिचा मुलगा डाउन सिंड्रोम घेऊन जन्मला, त्याच्यामुळे ती मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना नृत्य शिकवू लागली. नाझींनी अशा मुलांनाही जगण्यास अपात्र ठरवून मारले होते. तिने यावर भाषणे केली की नाही, मला ठाऊक नाही. १९६८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्सच्या रंगमंचावर तिने या मुलांना इतर नर्तकांबरोबर नाचवले.

आणखी एक पद्धत आहे, ती मला व्यक्तिशः सर्वांत अधिक भावते. गुंटर डेम्निग या जर्मन शिल्पकाराने १९९२ मध्ये कोलोन शहरात एक छोटा दगड पदपथात बसविला. पुढे यातूनच मोठा उपक्रम उभा राहिला. १० सेंटिमीटर चौरसाची पितळी पाटी मढवलेला हा दगड, मारल्या गेलेल्या माणसाच्या अखेरच्या स्वखुशीच्या घरासमोर बसवितात. त्यावर आधी 'येथे राहत होते' अशा अर्थाचे शब्द, मग नाव, जन्मवर्ष, कधी नेले, कोठे मारले. युरोपभर असे एक लाखांहून अधिक दगड झाले आहेत. रस्त्यावरचा माणूस ते वाचण्यासाठी मान खाली घालतो. पायांनी घासून पितळ उजळत राहते. काही ज्यू संघटनांना मृतांच्या नावावर पाय पडणे मान्य नाही, म्युनिच शहराने म्हणूनच सार्वजनिक पदपथांवर हे दगड नाकारले आहेत. हा आक्षेप आपल्याला सहज समजण्यासारखा आहे. पंढरीला पायरीशी राहण्याचे भाग्य मागणारी आपली परंपरा पाहता, दुसरी बाजूही समजण्यासारखी आहे.

हे सारे आपल्यापासून फार दूर आहे, असे कुणी म्हणेल. पण सीताबर्डीच्या पदपथावर पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र मराठी आणि इंग्रजीत सहज मिळते, आणि चांगले खपते. 'शिस्त शिकावी तर त्याच्याकडून' असे सांगणारे सुशिक्षित गृहस्थ मला नागपुरातच भेटले आहेत. त्यांना मी आकडे सांगून पाहिले, उपयोग झाला नाही. साठ लाख हा आकडा माणसाला काहीच करीत नाही. एकदा मी त्यांतील एकाला ओट्लाची आणि त्या बाराशे मुलांची हकीकत सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, ती आपणहून गेली? हो म्हटले. तिची स्वतःची मुले होती का? दोन मुली होत्या, त्या वाचल्या. त्यानंतर आमचे शिस्तीवर बोलणे झाले नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला मी एक कागद घेतला आणि याद वाशेमच्या तक्त्यातील रकाने त्यावर मराठीत लिहून काढले. ब्रह्मदेशातून चालत निघून वाटेत पडलेल्या हजारो भारतीयांची अशी यादी कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. आजोबांच्या भावाचे नाव लिहिले. जन्म १९१४, नागपूर, महाल. आईवडिलांची नावे लिहिली. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढेच लिहिता आले, कसली ते घरात आता कुणाला सांगता येत नाही. मृत्यूचे ठिकाण रिते ठेवले. जिवंत असल्याची शेवटची ज्ञात तारीख म्हणून जानेवारी १९४२ लिहिले, कारण काकांना आठवते की पत्र संक्रांतीनंतर आले होते. ते पत्र कुणाकडे आहे, याची विचारपूस अमरावतीच्या आतेभावांकडे सुरू आहे. खाली नाते लिहिले, चुलत नातू, आणि सही केली.